‘लोड आला की पडणारच’: जनरेटरच्या पोटातल्या रोधाची गोष्ट

(ताज्या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना दर दोन वाक्यांनी आलेलं ‘ॲक्चुअली’ काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आजची गोष्ट आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या मंडपात सुरू होते. तिथून ती जर्मनीत जाईल, मग लंडन, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, आणि शेवटी परत मंडपात येईल. कारण मंडपात मी एक चूक केली, आणि नंतर वाचताना कळलं की हीच चूक १८७९ साली माझ्यापेक्षा खूप मोठ्या माणसांनी केली होती. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

झालं असं. आरतीच्या अर्धा तास आधी लाइट गेली. भाड्याचा डिझेल जनरेटर उभा होताच, जनरेटरवाल्या काकांनी तो सुरू केला. पिवळ्या बल्बच्या माळा लागल्या, पंखे फिरायला लागले, साऊंड सुरू झाला. मग कुणीतरी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला चहाच्या पाण्यासाठी दोन हीटर लावले. त्याच क्षणी तिकडच्या माळा मंदावल्या, लालसर झाल्या, पंख्यांचा वेग पडला. सगळे जनरेटरकडे बघायला लागले. पहिलं वाक्य आमच्या खजिनदारांचं होतं, “लोड आला की पडणारच व्होल्टेज.”

आणि मी, बीटेक वगैरे असल्यामुळे, पुढे सरसावलो. म्हणालो, “काका, सोर्सच्या आत जेवढा रोध असतो तेवढाच बाहेर लावला की पॉवर सगळ्यात जास्त मिळते. आपण त्या पॉइंटच्या जवळ आलो असणार. म्हणजे जनरेटरचा पूर्ण वापर होतोय.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तसं असतं ना दादा, तर एव्हाना धूर आला असता.”

काकांचं बरोबर होतं. माझा सिद्धांत चुकीचा नव्हता, पण मी त्याला भलताच प्रश्न विचारला होता. ही सगळी गोष्ट त्या भलत्या प्रश्नाची आहे.

आधी पाच मिनिटं मूळ मुद्दा समजून घेऊ.

कुठलाही वीज देणारा सोर्स घ्या, सेल, बॅटरी, डायनॅमो. त्याची दोन व्होल्टेज असतात. एक आतलं, म्हणजे तो जेवढं व्होल्टेज तयार करतो ते. दुसरं टोकांवरचं, म्हणजे आपल्या हाती लागतं ते. काहीच जोडलेलं नसतं तेव्हा दोन्ही सारखीच. पण करंट वाहायला लागला की तो आधी सोर्सच्या स्वतःच्या तारांमधून जातो. त्या तारांनाही रोध असतो. तोच अंतर्गत रोध. करंट गुणिले अंतर्गत रोध एवढं व्होल्टेज घरातच खर्च होतं, उरलेलं बाहेर येतं.

सोसायटीच्या टाकीचं उदाहरण बघा. गच्चीवरची टाकी भरलेली आहे. एकच नळ उघडला तर धार जोरात. सकाळी सात वाजता सगळ्यांनी एकदम नळ सोडले की धार बारीक. टाकीतल्या पाण्याची पातळी तेवढीच आहे, पण टाकीतून खाली येणारा पाइप अरुंद आहे. जितकं जास्त पाणी त्यातून जाईल तितका दाब त्या पाइपातच संपतो.

आता आकडे. समजा आतलं व्होल्टेज ११० आहे आणि अंतर्गत रोध १ ओहम. बाहेर १० ओहमचा लोड लावला. एकूण रोध ११, करंट १० अँपिअर. टोकांवर मिळाले १०० व्होल्ट. बाहेर १००० वॉट, आत वाया १०० वॉट. छान चाललंय.

लोड वाढवला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, लोड वाढणं म्हणजे बाहेरचा रोध कमी होणं, कारण आणखी दिवे शेजारी शेजारी जोडले की करंटला आणखी वाटा मिळतात. बाहेरचा रोध ५ ओहम झाला तर करंट साधारण १८.३ अँपिअर आणि टोकांवर उरले सुमारे ९२ व्होल्ट. बाहेरचा रोध १ ओहम, म्हणजे अंतर्गत रोधाइतकाच झाला तर? करंट ५५ अँपिअर, टोकांवर ५५ व्होल्ट. बाहेर ३०२५ वॉट आणि आतही ३०२५ वॉट.

या सोर्समधून ३०२५ वॉटपेक्षा जास्त पॉवर बाहेर काढताच येत नाही. बाहेरचा रोध अर्धा ओहम केला तर करंट वाढतो, पण बाहेर मिळणारी पॉवर घसरून २७०० वॉटच्या खाली येते. तेव्हा ‘आत तेवढाच बाहेर’ ही अट सगळ्यात जास्त पॉवरची, हे खरंच. पण त्याच क्षणी निम्मी ऊर्जा सोर्सच्या पोटात उष्णता होऊन जळत असते. काकांचा धूर तो हाच.

हा अंतर्गत रोध कुणी शोधला? पुस्तकात ओहमचा नियम आधी येतो आणि अंतर्गत रोध दोन धड्यांनंतर, पुरवणीसारखा. इतिहासात मात्र दोघे एकाच दिवशी आले.

गेऑर्ग ओहम हा जर्मनीत कोलोनच्या एका शाळेत शिकवणारा माणूस. त्याला बघायचं होतं की तारेची लांबी वाढली की करंट कसा बदलतो. सुरुवातीला त्यानं त्या काळचे रासायनिक सेल वापरले आणि वैतागला, कारण सेल स्थिर राहायचेच नाहीत. तार जोडली की जोर कमी, काढली की पुन्हा वाढलेला. मग पोगेनडॉर्फनं त्याला सुचवलं की सेल सोड, दोन धातूंचा जोड वापर. १८२१ मध्ये झेबेकनं दाखवलं होतं की दोन वेगळे धातू जोडून एक सांधा गरम आणि एक थंड ठेवला की वीज वाहते. ओहमनं बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. तापमानं पक्की, म्हणून व्होल्टेजही पक्कं.

मग त्यानं २ इंचापासून १३० इंचापर्यंत तांब्याच्या आठ तारा एकेक करून जोडल्या आणि चुंबकसुईचं विचलन मोजलं. १८२६ मध्ये त्याच्या हाती जे सूत्र आलं ते शब्दांत असं: करंट म्हणजे एक स्थिरांक भागिले, तारेची लांबी अधिक दुसरा एक स्थिरांक. तो दुसरा स्थिरांक त्याच्या उपकरणासाठी साधारण सव्वावीस इंच निघाला. म्हणजे त्याच्या उपकरणाच्या पोटातच जणू सव्वावीस इंच तार लपलेली होती. तापमानातला फरक बदलला तेव्हा पहिला स्थिरांक बदलला, पण हा सव्वावीस इंच तसाच राहिला. तो सोर्सचा जोर नव्हता, सोर्सचा अडथळा होता. मला हे वाचून फार मजा वाटली. आपण पाठ केलेला नियम ही नंतरची सोपी केलेली आवृत्ती आहे. मूळ सूत्रात अंतर्गत रोध पहिल्यापासून बसलेला आहे.

१८२७ मध्ये ओहमचं पुस्तक आलं. जर्मनीत थंड स्वागत झालं. रॉयल सोसायटीनं कोपली पदक दिलं ते १८४१ मध्ये.

आता दुसरं पात्र, मोरिट्झ याकोबी. मूळ जर्मन, पण काम रशियात. १८३८ मध्ये यानं सेंट पीटर्सबर्गला नेव्हा नदीवर विजेच्या मोटरवर चालणारी बोट चालवली होती. मोटर चालायची बॅटरीवर. बॅटरी महाग, जस्त महाग, त्यामुळे याकोबीचा प्रश्न साहजिक होता: हातात असलेल्या या बॅटरीतून जास्तीत जास्त काम कसं काढू? उत्तर मिळालं, बाहेरचा रोध अंतर्गत रोधाइतका ठेव. बॅटरी ठरलेली असेल तर हे उत्तर आजही बरोबर आहे.

घोटाळा पुढे झाला. ‘जास्तीत जास्त पॉवर तेव्हा मिळते जेव्हा निम्मी वाया जाते’ हे वाक्य तोंडोतोंडी फिरत ‘विजेच्या यंत्रात निम्मी वाया जाणारच’ असं झालं. पन्नास टक्के ही निसर्गानंच घातलेली मर्यादा आहे असं अनेक जाणकार धरून चालले. ‘हातातल्या सोर्समधून’ ही अट गळून पडली.

दरम्यान विजेची यंत्रं बदलत होती. १८३१ मध्ये फॅरेडेनं चुंबकानं वीज निर्माण करून दाखवली. १८६६-६७ च्या सुमारास सिमेन्स, व्हीटस्टन आणि व्हार्ली यांनी वेगवेगळे असे डायनॅमो मांडले जे आपल्याच करंटनं आपलं चुंबक जागं ठेवत. १८७० च्या दशकात ग्रामचे डायनॅमो कारखान्यांत बसले. आता वीज बॅटरीतून नाही, वाफेच्या इंजिनातून यायला लागली. म्हणजे वाया गेलेला प्रत्येक वॉट हा जळलेला कोळसा होता. प्रश्न बदलला होता, पण जुनं उत्तर डोक्यात तसंच होतं.

आणि ते फारसं खटकतही नव्हतं, कारण त्या काळचे विजेचे दिवे म्हणजे आर्क लाइट. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये पेटणारी झगझगीत ज्योत. एप्रिल १८७९ मध्ये क्लीव्हलंडच्या चौकात ब्रशनं असे बारा दिवे लावले. हे दिवे एकाच माळेत, एकामागोमाग एक जोडलेले. सगळे एकदम लागायचे, एकदम विझायचे. लोड ठरलेला असेल तर व्होल्टेज किती पडतं याची चिंता कशाला?

पण घरात आर्क लाइट लावता येत नाही, डोळे दिपतात. घरासाठी छोटे दिवे हवेत, शेकडो, आणि प्रत्येकाचं बटण वेगळं. याला तेव्हा ‘विजेच्या प्रकाशाचे भाग पाडणं’ म्हणत. ते शक्य आहे का, यावर १८७८-७९ मध्ये जोरदार वाद झाला.

लंडनमध्ये विल्यम प्रीस हे ब्रिटिश पोस्ट खात्यातले नावाजलेले विद्युत अभियंता होते. त्यांनी रीतसर गणित मांडलं. सोर्स ठरलेला, अंतर्गत रोध ठरलेला. दिवे वाढवत जा. समांतर जोडले तर बाहेरचा रोध घटत जातो आणि एका टप्प्यानंतर जवळजवळ सगळं व्होल्टेज आतच खर्च होतं. मग सगळ्या दिव्यांत मिळून निघणारी उष्णताच कमी होत जाते, आणि ती आणखी जास्त दिव्यांत वाटली जाते. दुप्पट दिवे केले की प्रत्येकाच्या वाट्याला चौथाई. निष्कर्ष: प्रकाशाचे भाग पाडणं हे मृगजळ आहे. सिल्व्हेनस थॉम्पसनसारखा अभ्यासू माणूसही तेव्हा याच मताचा होता.

मंडळी, हे गणित तपासून बघा. त्यात चूक नाही. मी कागदावर मांडलं, उत्तर तेच आलं. चूक गृहीतकात आहे: ‘अंतर्गत रोध ठरलेला.’ तो ठरलेला का असावा? बॅटरी आपण विकत आणतो, तिच्या पोटात काय आहे ते आपल्या हातात नसतं. डायनॅमो मात्र आपण बनवतो.

हा प्रश्न न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कमध्ये सरळ विचारला गेला. एडिसनकडे १८७८ च्या शेवटी फ्रान्सिस अप्टन नावाचा तरुण आला. प्रिन्स्टनमध्ये शिकलेला, बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झच्या हाताखाली अभ्यास केलेला. एडिसनची गणिताशी फार मैत्री नव्हती, अप्टनची होती. दोघांनी मिळून दोन टोकांनी काम केलं. एकीकडे दिव्याचा रोध वाढवायचा, शंभर ओहमच्या घरात न्यायचा, म्हणजे एक दिवा थोडाच करंट घेईल. दुसरीकडे डायनॅमोचा अंतर्गत रोध शक्य तेवढा खाली आणायचा.

खाली आणायचा कसा? डायनॅमोत तयार होणारं व्होल्टेज तीन गोष्टींवर ठरतं: चुंबकाचा जोर, फिरण्याचा वेग आणि फिरत्या भागावरचे तारेचे वेढे. रोध कमी हवा तर वेढे कमी आणि तार जाड. पण वेढे कमी केले की व्होल्टेज पडणार. ते भरून काढायचं तर चुंबक जोरदार हवं. म्हणून त्यांनी दोन उंच, भलेमोठे चुंबकाचे खांब उभे केले आणि त्यांच्या पायाशी जाड तारेचा फिरता भाग बसवला. यंत्र इतकं विचित्र उंच दिसायचं की कामगारांनी त्याला ‘लांब कंबरेची मेरी-ॲन’ असं नाव दिलं.

ऑक्टोबर १८७९ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये या यंत्राचं वर्णन छापून आलं. दावा असा की तयार झालेल्या विजेपैकी ९० टक्के बाहेर वापरायला मिळते. पन्नास टक्के ही मर्यादा मानणाऱ्यांना हे हास्यास्पद वाटलं. पण आपल्या मघाच्या आकड्यांनी बघा. अंतर्गत रोध १, बाहेरचा ९ असेल तर दहापैकी नऊ भाग बाहेर. नव्वद टक्के. त्यात जादू काहीच नाही. १८८० मध्ये प्रिन्स्टनच्या ब्रॅकेट आणि यंग या दोन प्राध्यापकांनी एडिसनच्या डायनॅमोची मोजमापं केली. पन्नास टक्क्यांची भिंत उरली नाही.

आता माझा आवडता भाग. अंतर्गत रोध कमी केल्यानं कोळसा वाचला हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की टोकांवरचं व्होल्टेज स्थिर झालं. अंतर्गत रोध १ ओहमऐवजी एका ओहमचा शंभरावा भाग धरा. मघाशी १ ओहमच्या लोडला टोकांवर ५५ व्होल्ट उरले होते. आता उरतात जवळजवळ १०९. शेजाऱ्यानं दहा दिवे लावले तरी माझ्या दिव्याला पत्ता लागत नाही. साध्या तारेच्या दिव्याला हे फार महत्त्वाचं, कारण व्होल्टेज १० टक्के पडलं की त्याचा प्रकाश साधारण ३० टक्के पडतो. ‘घरोघरी वेगळं बटण’ ही कल्पना अंतर्गत रोधाच्या त्या एका आकड्यावर उभी आहे.

आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज हेच भांडतो, बरं का. सर्व्हरमधून जास्तीत जास्त काम काढायचं की प्रत्येक माणसाला सारखा प्रतिसाद द्यायचा? सर्व्हर पूर्ण पिळून काढला की आकडा छान दिसतो आणि वापरणारा गोल फिरणारं चक्र बघत बसतो. विजेच्या लोकांनी हा धडा १८८० मध्येच शिकून घेतला होता.

४ सप्टेंबर १८८२. न्यू यॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं एडिसनचं वीजकेंद्र दुपारी सुरू झालं. सुरुवातीला साधारण ४०० दिवे. इथले डायनॅमो ‘जंबो’ नावानं ओळखले जात, बार्नमच्या सर्कशीतल्या त्या प्रसिद्ध हत्तीवरून. इंजिनासकट एकेकाचं वजन सुमारे २७ टन. एक जंबो साधारण १०० किलोवॉट द्यायचा. ११० व्होल्टला याचा अर्थ ९०० अँपिअर. एवढ्या करंटला एका ओहमचा शंभरावा भागही ९ व्होल्ट खातो! म्हणून जंबोच्या फिरत्या भागात तार गुंडाळलेलीच नव्हती, तांब्याच्या जाड पट्ट्या बसवल्या होत्या आणि टोकांना तांब्याच्या चकत्यांनी त्या जोडल्या होत्या.

तरीही व्होल्टेज थोडं हलायचंच. संध्याकाळी दिवे लागत गेले की खाली यायचं. त्यावर उपाय म्हणून एक विद्युतचुंबक जोडला होता. व्होल्टेज एक-दोन व्होल्ट वर गेलं की लाल दिवा, खाली आलं की निळा. तिथला माणूस दिवा बघून हातचाक फिरवायचा, त्यानं चुंबकाच्या कॉइलचा करंट कमीजास्त व्हायचा आणि व्होल्टेज जागेवर यायचं. अंतर्गत रोधानं जे खाल्लं ते आतलं व्होल्टेज थोडं वाढवून भरून द्यायचं, ही ती युक्ती. हा हातचाकवाला माणूस लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

कमी अंतर्गत रोधाची एक किंमतही असते. केंद्र सुरू होण्याआधीच्या चाचणीत दोन जंबो एकमेकांना समांतर जोडले आणि हाहाकार उडाला. एक इंजिन पळायला लागलं, दुसरं मंदावलं, मग उलट. एक डायनॅमो वीज देत होता आणि दुसरा ती घेऊन मोटरसारखा फिरत होता. मूळ दुखणं इंजिनांच्या वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरांत होतं, आणि शेवटी दुसऱ्या कंपनीची इंजिनं आणावी लागली. पण विचार करा, दोन सोर्समधला अडथळा नगण्य असला की व्होल्टेजमधला चिमूटभर फरकही केवढा करंट इकडून तिकडे ढकलतो. अंतर्गत रोध म्हणजे निव्वळ नासाडी नसते. तो थोडा ब्रेकही असतो.

मग पुढची पिढी आली. जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्यानं १८७९ मध्ये डायनॅमोचं व्होल्टेज करंटबरोबर कसं बदलतं याचे आलेख काढले, आणि यंत्र बनवणं अंदाजाकडून मोजमापाकडे गेलं. एडिसनच्या मेरी-ॲनला एवढी लांब कंबर लागतच नाही, आखूड आणि जाड चुंबक जास्त चांगलं काम करतं, हेही त्यानंच दाखवलं.

व्होल्टेज का पडतं, याची आणखी कारणंही समजली. ज्या डायनॅमोत चुंबकाची कॉइल टोकांना समांतर जोडलेली असते, त्याला शंट म्हणतात. तिथे लोडमुळे टोकांवरचं व्होल्टेज पडलं की कॉइललाही कमी व्होल्टेज मिळतं, चुंबक ढिलं पडतं, व्होल्टेज आणखी पडतं. शिवाय फिरत्या भागातला करंट स्वतःचं चुंबकत्व तयार करून मूळ चुंबकाच्या कामात लुडबुड करतो. दुसरा प्रकार सिरीज, जिथे लोडचा सगळा करंट चुंबकाच्या कॉइलमधून जातो. तिथे उलट, लोड वाढला की चुंबक आणखी जोर धरतं आणि एका मर्यादेपर्यंत व्होल्टेज चढतं. १८८० च्या सुमारास अनेकांच्या लक्षात आलं की एक पडतं आणि एक चढतं, तर दोन्ही कॉइल एकाच यंत्रावर घाला! हाच कंपाउंड डायनॅमो. इंग्लंडमध्ये क्रॉम्प्टन आणि काप यांनी १८८२ मध्ये याचं पेटंट घेतलं. लोड जितका मागेल तितकी भरपाई यंत्र आपणहून करतं. हातचाकवाल्याचं निम्मं काम तारेच्या काही वेढ्यांनी करून टाकलं.

प्रीस यांचं काय झालं, असं विचाराल. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात त्यांनी एडिसनची यंत्रणा पाहिली. नंतर लंडनमध्ये त्यांनी जाहीरपणे कबूल केलं की एडिसनवर सगळ्यात कडक टीका करणाऱ्यांत आपण होतो, आणि आता मात्र प्रश्न सुटला असं आपल्याला वाटतं. थॉम्पसननं तर पुढे डायनॅमोवर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यात जास्तीत जास्त पॉवर आणि जास्तीत जास्त कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे नीट समजावलं. चुकणं सोपं असतं. चुकल्यावर त्यावर धडा लिहिणं अवघड.

एक शेवटचं पात्र. १८८३ मध्ये लेऑन तेव्हनँ या फ्रेंच तार खात्यातल्या अभियंत्यानं एक प्रमेय मांडलं. आपण कॉलेजात त्याला थेव्हेनिन म्हणत आलो. अप्टनच्या गुरूंनी, हेल्महोल्ट्झनी, तेच १८५३ मध्ये मांडून ठेवलं होतं. म्हणणं असं: सॉकेटच्या मागे सोर्स आणि रोध यांचं कितीही मोठं जंजाळ असू दे, सॉकेटच्या दोन भोकांतून बघणाऱ्याला ते एकच व्होल्टेज आणि एकच अंतर्गत रोध दिसतं. म्हणजे ‘अंतर्गत’ हे यंत्राच्या पत्र्याच्या आत संपत नाही. तुमच्या प्लगच्या मागचं सगळं अंतर्गतच.

आणि आता परत मंडपात.

काकांनी मला धूर शिकवला आणि मग मीटर माझ्या हातात दिला. “आधी इथं बघा,” म्हणाले. जनरेटरच्या पॅनेलवर हीटर चालू असताना २२८ व्होल्ट. ठणठणीत. आजच्या जनरेटरमध्ये हातचाकवाल्या माणसाच्या जागी एव्हीआर नावाचं छोटं कार्ड असतं. ते सतत व्होल्टेज बघतं आणि चुंबकाचा करंट कमीजास्त करतं. ही यंत्रं एसी असल्यामुळे पोटात रोधापेक्षा कॉइलची रिॲक्टन्स जास्त आड येते, पण भरपाईची युक्ती पर्ल स्ट्रीटचीच. लोड आल्यावर इंजिनाचा वेग पडला तर गव्हर्नर डिझेल वाढवतो.

मग आम्ही चहाच्या टोकाला गेलो. तिथे २०२ व्होल्ट.

मधले २६ व्होल्ट कुठे गेले? काकांनी वायरचं भेंडोळं दाखवलं. आमच्याच सोसायटीच्या कपाटातली जुनी वायर, साधारण ५० मीटर, एक चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन १०० मीटर तांबं, म्हणजे पावणेदोन ओहमच्या आसपास. दोन हीटर मिळून १५ अँपिअर खेचत होते. १५ गुणिले पावणेदोन, २६ व्होल्ट. हिशोब जुळला. म्हणजे ४०० वॉट त्या वायरमध्ये जळत होते, आणि निम्मी वायर गुंडाळलेलीच, मंडपाच्या कापडाला टेकलेली. हात लावला तर चटका बसला. धूर यायचा होता तो जनरेटरमधून नाही, तिथून आला असता.

ओहमच्या उपकरणात सव्वावीस इंच तार लपलेली होती. आमच्या मंडपात १०० मीटर.

हीटर बंद केले. काकांनी टेम्पोतून जाड केबल काढली, जनरेटरपासून चहाच्या टेबलापर्यंत वेगळी टाकली. माळांची वायर वेगळी. एडिसननं पर्ल स्ट्रीटला हेच केलं होतं: केंद्रापासून जाड तारा थेट वस्तीच्या मधल्या ठिकाणी न्यायच्या आणि तिथून दिव्यांच्या तारा फोडायच्या, म्हणजे व्होल्टेजची घट दिवे लागायच्या आधीच्या टप्प्यात होते आणि दिव्या-दिव्यांत फरक पडत नाही. हीटर पुन्हा लावले. माळा हलल्या नाहीत.

पर्ल स्ट्रीटचं केंद्र १८९० मध्ये आगीत सापडलं. तिथला एक जंबो, नऊ नंबरचा, वाचला. तो अमेरिकेत डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात उभा आहे.

तर मंडळी, या वर्षी तुमच्या मंडपात दिवे मंदावले तर जनरेटरला शिव्या देण्याआधी दोन ठिकाणी मीटर लावा. एकदा सोर्सपाशी, एकदा लोडपाशी. आणि गुंडाळलेल्या वायरवर हीटर लावू नका. बीटेक झालेला कुणी तिथे सिद्धांत सांगत उभा असेल, तर त्याला वायर उलगडायला लावा. मी त्या दिवशी तेच केलं, आरती होईपर्यंत.

भेटू पुढच्या भागात.